आवेगाची रात्र आणि पुढचे चाळीस दिवस : प्रेमापायी टोकाला निघालेल्या माणसाला कसे सांभाळावे

डिसेंबरचा पहिला आठवडा होता. कापसाची वेचणी चालू होती, थंडीमुळे गाव लवकर निजले होते, आणि रात्री सव्वाअकराच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "मॅडम, धाकला काही आयकस नही," एवढे बोलून त्याला रडू फुटले. धाकटा भाऊ वीस वर्षांचा, तालुक्याच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता. ज्या मुलीवर त्याचे तीन वर्षे प्रेम होते, तिचा त्याच दिवशी साखरपुडा झाला होता. लग्न संक्रांतीनंतरच्या मुहूर्तावर धरले होते, आणि हा आता मोटारसायकल काढून तिच्या गावी निघाला होता. तिथे जाऊन काय करणार, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नव्हते. "एकतर ती येईल, नाहीतर मीच परत येणार नाही," हे एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

त्या रात्री मी त्याच्या भावाला काय करायला सांगितले, आणि पुढच्या सहा आठवड्यांत आम्हाला काय उमगले, ते इथे मांडते आहे. खानदेशातल्या गावांत अशा वेळी सल्ला द्यायला चार माणसे लगेच जमतात. परंतु त्यातले बरेचसे सल्ले नेमके उलटे पडतात, हे मी इतक्या वर्षांच्या शिकवण्यात अनेकदा पाहिले आहे. म्हणून हे लेखन मुख्यतः जवळच्या माणसासाठी आहे, म्हणजे भाऊ, बहीण, मित्र, मैत्रीण, आई किंवा वसतिगृहातल्या खोलीतला सोबती, ज्याच्यासमोर ही वेळ आधी येते आणि ज्याची तयारी सर्वांत कमी असते.

सर्वांत आधी एक गोष्ट मनाशी पक्की धरावी. आवेगाच्या भरात असलेल्या माणसाचे मत त्या रात्री बदलत नाही आणि ते बदलण्याची गरजही नसते. आपले काम फक्त वेळ काढण्याचे असते. जे केल्यावर परत फिरता येत नाही, असे काहीही सकाळपर्यंत होऊ द्यायचे नाही, आणि मग पुढच्या सकाळपर्यंत होऊ द्यायचे नाही.

हे का, ते समजून घेतले तर वागणे सोपे जाते. १९९९ साली इटलीतील पिसा येथे दोनातेल्ला मारात्सिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्याने प्रेमात पडलेल्या तरुणांचे रक्त तपासले. तेव्हा सेरोटोनिन या रसायनाशी संबंधित एक घटक त्यांच्यात कमी आढळला, आणि तो तसाच कमी आढळला होता मंत्रचळ हा आजार असलेल्या रुग्णांत, ज्यांच्या डोक्यात तेच तेच विचार फिरत राहतात. पुढे २००५ साली अमेरिकेत हेलन फिशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेमात असलेल्या माणसांना प्रिय व्यक्तीचा फोटो दाखवून त्यांच्या मेंदूचे चित्रण केले. त्यात मेंदूचा तो भाग जागा झालेला दिसला, जो एखादी गोष्ट मिळवण्याची ओढ लावतो. २०१० साली त्याच गटाने नकार मिळालेल्या माणसांवर असाच अभ्यास केला, तेव्हाही तो भाग शांत झालेला नव्हता, आणि जोडीला व्यसनाच्या तलफेशी संबंधित भागही जागे झालेले दिसले. म्हणजे नकार आला की ओढ संपत नाही; मिळण्याची वाट बंद झालेली असते आणि ओढ मात्र तशीच असते. अशा माणसाला "विसर तिला, पोरी काय कमी आहेत" असे म्हणणे म्हणजे दारू सुटत नसलेल्याला "पिऊ नको" म्हणण्यासारखे आहे. म्हणणारा खोटे बोलत नसतो, पण ऐकणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही.

पहिली रात्र

मोठ्या भावाला मी प्रथम एवढेच विचारले, की गाडीची किल्ली कुठे आहे. ती गाडीलाच होती. ती काढून घे आणि स्वतःच्या खिशात ठेव, पण हिसकावू नकोस, असे मी सांगितले. त्याने चांगली युक्ती केली. "उजाडल्यावर तुला जायचेच असेल तर मी घेऊन जाईन, पण अशा धुक्यात एकट्याला सोडणार नाही," असे म्हणून त्याने किल्ली काढली आणि धाकट्याला ओट्यावर बसवले. यात नकार नव्हता, फक्त उशीर होता. टोकाला पोचलेला माणूस नकार सहन करू शकत नाही, उशीर मात्र पुष्कळदा सहन करतो.

मग जेवण. साखरपुड्याची बातमी कळल्यापासून त्या मुलाच्या पोटात पाण्याशिवाय काही गेले नव्हते. "चाल, पहिले जेवी ले," एवढेच म्हणत वहिनीने कळण्याची भाकरी आणि उरलेली शेवभाजी गरम करून समोर ठेवली. त्याने तासाभराने अर्धी भाकरी खाल्ली. उपाशी, जागा आणि थंडीत कुडकुडणारा माणूस जे ठरवतो, तेच तो जेवून, झोपून उठल्यावर ठरवेलच असे नाही. म्हणून अन्न, पांघरूण आणि झोप यांना घरच्या माणसांनी क्षुल्लक समजू नये. दारू मात्र त्या रात्री कोणत्याही मित्राने देऊ नये. दुःख हलके करण्यासाठी म्हणून दिलेली दारू मनाचा उरलासुरला लगामही सोडवते, आणि पुष्कळ अनर्थ त्याच तासात घडतात.

बोलायचे कमी आणि ऐकायचे जास्त. ती मुलगी चांगली की वाईट, तिचे घरचे कसे, जात कोणती, यातले काहीही त्या रात्री काढू नये. तिची निंदा केली की तो तिची बाजू घेऊन आणखी पेटतो, आणि स्तुती केली की कोसळतो. "मी शे ना आठे" (मी आहे ना इथे) हे चार शब्द बोलून गप्प बसणारा भाऊ लांबलचक समजूत घालणाऱ्या दहा जणांपेक्षा अधिक उपयोगी पडतो. थोबाडीत मारणे, आईच्या पायांवर हात ठेवून शपथ घ्यायला लावणे, चुलत्या-मामांना बोलावून बैठक भरवणे, हे तिन्ही प्रकार आपल्याकडे सर्रास होतात आणि तिन्ही घातक आहेत, कारण दुःखावर अपमानाची भर पडली की माणसाला सुटकेचा एकच रस्ता दिसू लागतो.

यानंतर तो प्रश्न, जो विचारायला सगळे घाबरतात. "परत येणार नाही" असे तो म्हणत असेल, तर आडवळण न घेता विचारावे, "जीव द्यायचे विचार मनात येत आहेत का?" असे विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची असल्याचे जागतिक आरोग्य संघटना स्पष्टपणे सांगते. मोठ्या भावाने विचारले तेव्हा धाकटा बराच वेळ गप्प राहिला आणि मग हो म्हणाला, आणि त्या हो नंतर पहिल्यांदा रडला. उत्तर हो असेल तर त्याला क्षणभरही एकटे ठेवायचे नाही, आंघोळीला गेला तरी दाराबाहेर कोणीतरी असावे. त्याच वेळी घरातल्या धोक्याच्या वस्तू हलवाव्यात.

आपल्या भागात याचा अर्थ मुख्यतः फवारणीची औषधे असा होतो. कापूस आणि केळी करणाऱ्या घरांत ती पडवीत, जिन्याखाली किंवा शेतातल्या खोलीत उघडीच पडलेली असतात. ती त्याच रात्री शेजाऱ्याच्या घरी, कुलपात, पोचवावीत आणि किल्ली कुठे आहे हे त्याला कळू देऊ नये. ज्याला मरायचेच आहे तो दुसरी वाट शोधेल, असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात अशा आवेगाचा सर्वांत तीव्र काळ पुष्कळदा मिनिटांचा किंवा तासांचा असतो, आणि त्या वेळात हाताशी काही नसणे यानेच जीव वाचतात. खरे तर फवारणीच्या औषधांसाठी कुलूपबंद पेटी प्रत्येक शेतकरी घरात बारा महिने असावी, घरात कोणी प्रेमात असो वा नसो.

त्याच रात्री १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा क्रमांक लावता येतो. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा दिवसरात्र चालते, विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. फोन त्यानेच करायला हवा असे नाही. काय करावे हे विचारण्यासाठी भावानेही करावा. आणि काही विपरीत घडलेच, तर घरगुती उपायांत मिनिटे न घालवता १०८ ला फोन करून जवळचे रुग्णालय गाठावे. पोलीस केस होईल या भीतीने लोक दवाखान्यात न्यायला उशीर करतात, म्हणून हे माहीत असू द्यावे, की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असे पाऊल उचललेला माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले जाते आणि त्याच्यावर खटला चालवून शिक्षा केली जात नाही. पोलीस जबाब घ्यायला येतील, तेवढ्याने घाबरून जाऊ नये.

फोनचे काय करावे, हा प्रश्न त्या रात्रीही आला. मोबाइल काढून घेतला तर भांडण होते, हाती ठेवला तर तो मेसेजवर मेसेज पाठवतो. आम्ही मधला मार्ग काढला. तिला जे सांगायचे आहे ते सगळे वहीत लिही, सकाळी दोघे मिळून वाचू आणि मग पाठवायचे की नाही ते तू ठरव. त्याने पहाटे तीनपर्यंत अकरा पाने लिहिली. सकाळी त्यातले एक पान वाचून त्याने वही मिटली आणि गादीखाली सरकवली. पाठवण्याचा विषय त्याने स्वतःहून पुन्हा काढला नाही.

टोकाचे पाऊल दुसऱ्यावर पडणार असेल तर

इथपर्यंतचे सगळे स्वतःच्या जिवावर उठलेल्या माणसासाठी झाले. पण आवेगाचे तोंड कधी कधी समोरच्या व्यक्तीकडे वळलेले असते, आणि तेव्हा मैत्रीचे नियम बदलतात. "माझी झाली नाही तर कोणाचीच होऊ देणार नाही" हे वाक्य एखाद्याच्या तोंडून ऐकले, तर ते दुःखाच्या भरातले बोलणे म्हणून सोडून देऊ नये. तिच्या येण्याजाण्याच्या वेळा टिपणे, एसटी स्टँडवर तासन्‌तास थांबणे, तिच्या मैत्रिणींना धमकावणे, जुने फोटो सगळ्यांना दाखवीन असे म्हणणे, ही सगळी पुढच्या अनर्थाची चिन्हे असू शकतात. अशा वेळी मित्राचे गुपित राखणे हा गुन्ह्याला दिलेला हात ठरतो. एखाद्या विश्वासातल्या बाईमार्फत त्या मुलीला आणि तिच्या घरच्यांना सावध करावे, आणि धोका आजचा असेल तर ११२ ला फोन करावा. त्याच्याशी मैत्री तुटेल, हे मान्य करूनच तो फोन करावा लागतो.

नकार मिळाल्यावर चिकाटीने मागे लागणे म्हणजे खरे प्रेम, ही समजूत आमच्या कितीतरी मुलांच्या मनात घट्ट बसलेली आहे, आणि ती उपटून काढण्याचे काम शाळा-कॉलेजांनी नीट केलेले नाही, असे मी एक शिक्षिका म्हणून खेदाने लिहिते. मुलीने स्पष्ट नापसंती दाखवल्यावरही तिचा पाठलाग करणे, पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

ज्या मुलीच्या मागे असा कोणी लागला आहे, तिने नकार एकदाच, स्वच्छ शब्दांत, शक्यतो लिहून द्यावा आणि त्यानंतर एकाही मेसेजला उत्तर देऊ नये. वीस मेसेजनंतर रागाने दिलेले एक उत्तरही त्याला असे शिकवते की एकविसाव्याला दार उघडते. आलेले सगळे मेसेज जपून ठेवावेत. घरात निदान एका मोठ्या माणसाला सांगावे. घरात सांगण्यासारखे नसेल तर १८१ ही महिला मदतवाहिनी आहे. आणि "शेवटचे एकदा भेट, मग तुझ्या वाटेला येणार नाही" या निरोपावर एकटीने कुठेही जाऊ नये, मग तो कितीही रडला, जीव देईन म्हणाला तरीही. तो जीव देईन म्हणत असेल तर ती माहिती त्याच्या घरच्यांना आणि १४४१६ ला कळवावी. त्याला जगवण्याची जबाबदारी एकट्या तिच्यावर नाही.

आईबापांचे प्रेमही टोकाला जाते

हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मुलीचे प्रेम कळल्याबरोबर तिचे कॉलेज बंद करणे, तिला मामाच्या गावी कोंडून ठेवणे, महिन्याभरात मिळेल त्या स्थळाला देऊन टाकणे, आणि "तू असे केलेस तर आमचे मेलेले तोंड पाहशील" असे आईने म्हणणे, हेसुद्धा प्रेमातून निघालेले टोकाचे वागणेच आहे. यात मुलांना वाट उरत नाही आणि ती पळून जातात किंवा त्याहून वाईट काही करतात. बापाचा राग खरा असतो, गावात मान खाली जाण्याची भीतीही खरी असते, पण त्या रागालाही वर सांगितलेलाच नियम लागू आहे: सकाळपर्यंत काही करायचे नाही, भावकीला लगेच सांगायचे नाही, हात उचलायचा नाही.

कायदा काय म्हणतो ते दोन्ही पिढ्यांना माहीत असावे. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा पूर्ण असेल तर त्यांच्या लग्नाला घरच्यांची किंवा जातीची परवानगी लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्तिवाहिनी खटल्यात, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहात जमावाने किंवा पंचायतीने आडकाठी करणे बेकायदा असल्याचे सांगितले आणि अशा जोडप्यांना संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करताना तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. या अटीचा जाच अनेकांना झाला आहे हे खरे. तरीही रात्रीत पळून जाण्याऐवजी वकिलाला भेटून, कागदपत्रे जमवून, दिवसाढवळ्या पाऊल टाकणे दोघांच्याही हिताचे असते.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल तर मात्र गोष्ट पूर्ण वेगळी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यात, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्यात, तिची संमती धरली जात नाही. "ती स्वतःहून आली" असे सांगणारा एकोणीस वर्षांचा मुलगा तुरुंगात जातो आणि दोन्ही घरे वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. दहावी-बारावीच्या मुलामुलींना हे कोणीतरी आधीच, न धमकावता, समजावून सांगायला हवे.

पुढचे दिवस

पहिली रात्र टळली की घरचे निःश्वास सोडतात आणि पाचव्या दिवशी कामाला लागतात. चूक इथे होते. लाट ओसरते आणि परत येते, विशेषतः रात्री, एकांतात, आणि ठरावीक जागी. त्या धाकट्यासाठी ती जागा कॉलेजसमोरची रसवंती होती. त्याने महिनाभर दुसऱ्या रस्त्याने जायचे ठरवले, त्याच्या एका मित्राने रोज सोबत केली, आणि तिचे स्टेटस बघायचे नाही म्हणून तिचा नंबर त्या मित्राच्या हाताने पुसला गेला. स्वतःच्या हाताने तो दोनदा पुसून दोनदा परत मिळवला होता. अशा वेळी हाताला काम असणे फार मोलाचे असते, पण काम म्हणजे शिक्षा वाटता कामा नये. भावाबरोबर कापसाचे गठ्ठे बांधणे त्याला मानवले, एकट्याने रात्री केळीला पाणी द्यायला जाणे मानवले नाही, आणि एका रात्रीनंतर ते बंद केले.

डॉक्टरकडे कधी न्यावे? दोन आठवडे झोप आणि भूक परतली नसेल, जीव देण्याचा विषय पुन्हा निघत असेल, किंवा याउलट तो दोन-तीन रात्री न झोपताही भलत्या उत्साहात मोठमोठे बेत करत असेल, तर वाट पाहू नये. ज्या व्यक्तीशी कधी बोलणेही झाले नाही ती आपल्यावर छुपे प्रेम करते, असा ठाम ग्रह कोणी धरून बसला असेल, तर तो उपचाराने आटोक्यात येऊ शकणारा आजार असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. औदासीन्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे आठ दिवसांत फरक नाही म्हणून त्या मनाने बंद करू नयेत. मुलीकडच्यांनी काही करणी केली असे म्हणत भगताकडे नेणे, किंवा वशीकरणाच्या जाहिरातीवर हजारो रुपये घालवणे, यात जो वेळ जातो तोच उपचाराचा असतो. मला या गोष्टीचा फार राग येतो, कारण हतबल आईची बांगडी विकायला लावणारी माणसे मी पाहिली आहेत.

धोक्याची तारीख आधीच माहीत असेल तर तिची तयारी आधीच करावी. आमच्याकडे ती तारीख होती तिच्या लग्नाची, साखरपुड्यापासून चाळीस-बेचाळीस दिवसांवर. तिचे गाव तीन किलोमीटरवर होते आणि हळदीच्या रात्रीचा डीजे याच्या ओट्यावर ऐकू येणार होता. म्हणून दोन दिवस आधीच दोघे भाऊ शहाद्याकडे मामांच्या शेतावर गेले. तिथे पपईची तोड चालू होती. लग्नाच्या दिवशी धाकट्याने दिवसभर टेम्पो भरला, कागदात गुंडाळून एकेक फळ लावत राहिला, दुपारी मुहूर्ताच्या वेळेला खाली बसला, आणि मामींनी काही न विचारता पाण्याचा तांब्या जवळ ठेवला. संध्याकाळी त्याने गावी परतायचे म्हटले आणि मोटारसायकलची किल्ली मागितली. भावाने ती खिशातून काढून दिली, आणि स्वतः मागे बसला.